पंचविशीतली जिम्नॅस्ट

१७ ऑगस्ट २००४. अथेन्समध्ये राज्यवर्धनसिंह राठोड यांनी नेमबाजीच्या डबल ट्रॅप प्रकारात रौप्यपदक जिंकलं, स्वतंत्र भारताचं ऑलिम्पिकमधलं पहिलं वैयक्तिक रौप्य. दुसऱ्या दिवशीच्या पेपरांत दुसरं काही नव्हतंच, आणि असण्याचं कारणही नव्हतं. पण त्याच शहरात, त्याच रात्री, आपल्याकडे मध्यरात्र उलटत असताना, आणखी एका भारतीय नावाच्या मुलीच्या गळ्यात रौप्यपदक पडलं. मोहिनी भारद्वाज. वडील भारतीय, आई रशियन वंशाची, जन्म फिलाडेल्फियाचा, अंगात अमेरिकेच्या संघाचा लिओटार्ड. आपल्या पेपरांनी तिची दखल घेतली असेल तर चार ओळींत. मी मात्र तिची वाट बघत जागी होते.

त्याला कारण होतं. मी शाळेत असताना जिम्नॅस्टिक्स करायचे. फार मोठं काही नाही. जिल्हा, विभाग, एकदा राज्य. पण बारवर तळहाताचं कातडं निघालं की काय होतं ते मला माहीत आहे, आणि त्या जखमेवर पावडर चोळून पुन्हा बारला लटकायचं असतं हेही. दहावीला ते बंद झालं. कुणी जबरदस्ती केली नाही, आमच्याकडे ते तसंच व्हायचं. दहावीच्या वर्षात टीव्हीची केबल काढायची, गणिताचा क्लास लावायचा आणि जिम्नॅस्टिक्स सोडायचं. मलाही त्यात काही खटकलं नव्हतं, कारण आमच्या सरांसकट सगळ्यांचंच मत होतं की मुलींचं जिम्नॅस्टिक्स पंधरा-सोळाला संपतं. अंग भरलं की खेळ गेला.

मोहिनी माझ्याच वयाची, साधारण. आणि ती पंचविसाव्या वर्षी ऑलिम्पिकला उतरली होती. पुढच्याच महिन्यात सव्वीस पूर्ण होणार होते.

हे वय त्या मैदानावर किती विचित्र दिसत होतं हे आज सांगूनही पटणार नाही. तिच्याच संघातली कार्ली पॅटरसन सोळा वर्षांची. सुवर्ण जिंकणाऱ्या रुमानियाची कातालिना पोनोर सतराव्या वाढदिवसाच्या तीन दिवस अलीकडे. अमेरिकेच्या संघात मोहिनीहून मोठी एकच, क्यूबात जन्मलेली अ‍ॅनिया हॅच, सव्वीस वर्षांची. मला त्या रात्री पदकापेक्षा या दोघींच्या खांद्यांकडे बघायचं होतं. बाईचे खांदे होते ते.

या खेळात वय वाढणं गुन्हा का मानलं गेलं, याचं एक उत्तर भौतिकशास्त्रात आहे. हवेत गिरकी घेणारं शरीर जितकं आखूड आणि सडपातळ, तितकं ते कमी जोर लावून फिरतं. वयात येताना मुलीची उंची वाढते, नितंब भरतात, शरीराचा तोल जिथे असतो तिथून हलतो, आणि काल डोळे मिटून जमणारी उडी आज बीमच्या बाहेर पडते. बीम म्हणजे जमिनीपासून उंच बसवलेली अरुंद पट्टी, दहा सेंटिमीटर रुंद. तिथे बोटभर तोल सरकला तरी खाली. दुसरं उत्तर मात्र भौतिकशास्त्रात नाही. चौदा वर्षांची मुलगी ऐकते. तिला घरापासून लांब आणून ठेवता येतं, तिच्या जेवणावर नजर ठेवता येते, ती उलटून विचारत नाही. १९७६ मध्ये माँट्रियलला नादिया कोमानेचीने दहापैकी दहा मिळवले तेव्हा ती चौदा वर्षांची होती, आणि त्यानंतर साऱ्या जगाला तसलीच मुलगी हवीशी झाली. किमान वय सोळा करण्याचा नियम लागू व्हायला १९९७ उजाडलं.

मोहिनी याच व्यवस्थेत वाढली. लहानपणीच घर सोडून आधी फ्लोरिडा, मग टेक्सासमधल्या ह्यूस्टनला, सोव्हिएत पठडीतले प्रशिक्षक अलेक्सांद्र अलेक्सांद्रोव्ह यांच्याकडे. १९९६ मध्ये अटलांटा ऑलिम्पिक तिच्याच देशात होतं आणि ती ऐन वयात होती. निवड झाली नाही. ज्या सात जणी निवडल्या गेल्या त्यांनी सुवर्ण जिंकलं आणि त्या अमेरिकेत घराघरांत पोचल्या. पुढच्या वर्षी लोझानच्या जागतिक स्पर्धेत ती संघात होती खरी, पण अटलांटाचा झगमगाट ओसरलेला होता. रूढ हिशेबाने तिची कारकीर्द इथे संपायला हवी. अठरा पूर्ण, पुढचं ऑलिम्पिक बाविसाव्या वर्षी. कोण थांबणार?

ती लॉस एंजेलिसला, यूसीएलए विद्यापीठात गेली.

इथे अमेरिकेतल्या कॉलेज जिम्नॅस्टिक्सबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आपल्याकडे कॉलेजचा खेळ म्हणजे गॅदरिंगच्या आधीच्या आठवड्यातली गडबड. तिकडे जानेवारी ते एप्रिल जवळजवळ दर आठवड्याला सामना असतो. बास्केटबॉलच्या बंदिस्त स्टेडियममध्ये, तिकीट काढून आलेल्या हजारो माणसांसमोर. प्रत्येक साधनावर एका संघाच्या सहा जणी उतरतात, पाच जणींचे गुण धरले जातात. १९७२ मध्ये शिक्षणसंस्थांत स्त्री-पुरुष भेदभावाला बंदी करणारा कायदा झाला, त्यामुळे विद्यापीठांना मुलींच्या खेळांवरही पैसा खर्च करणं भाग पडलं, आणि त्यातून मुलींचे जिम्नॅस्टिक्स संघ उभे राहिले. अगदी अलीकडेपर्यंत एका संघाला बारा पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत. शिक्षण, राहणं, जेवण, सगळं.

आणि तिथे दहापैकी दहा अजून जिवंत आहे. आंतरराष्ट्रीय महासंघाने अथेन्समधल्या गुणांच्या गोंधळानंतर, २००६ मध्ये दहाची मर्यादाच काढून टाकली. आता कसरतीची काठिण्यपातळी वेगळी, सफाई वेगळी, आणि बेरीज चौदा-पंधरा अशी काहीतरी येते, जी घरी टीव्ही बघणाऱ्या माणसाला काहीच सांगत नाही. कॉलेजात अजून दहा म्हणजे दहा. कसरती तुलनेने सोप्या असतात, म्हणून जाणकार नाक मुरडतात. बरीच वर्षं मीही मुरडत असे. पण सोपी कसरत निर्दोष करणं ही वेगळी विद्या आहे, आणि गुडघे, घोटे, पाठ खर्ची पडलेल्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीला ती झेपते.

यूसीएलएची प्रमुख प्रशिक्षक होती व्हॅलरी कोंडोस फील्ड, मुलींची ‘मिस व्हॅल’. ही बाई स्वतः जिम्नॅस्ट कधीच नव्हती. बॅले नर्तकी होती. कोलांटी कशी मारायची हे तिला शिकवता येत नव्हतं, त्यासाठी मदतनीस होते. १९९१ पासून २०१९ पर्यंत ती त्या जागी राहिली. मोहिनीच्या काळात, २००० आणि २००१ अशी लागोपाठ दोन वर्षं, यूसीएलएच्या संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. आणि २००१ च्याच शरद ऋतूत बेल्जियममधल्या गेंटला जागतिक स्पर्धेत अमेरिकेने सांघिक कांस्य मिळवलं, त्या संघात मोहिनी होती. कॉलेज संपवून आलेली, तेवीस वर्षांची.

माझ्या लेखी तिच्या कारकिर्दीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही आहे, अथेन्सपेक्षाही. कारण नेहमीचा प्रवास उलटा असतो. आधी ऑलिम्पिक, मग दमलेलं शरीर घेऊन कॉलेज. अथेन्सच्या त्याच संघातल्या कोर्टनी कुपेट्स आणि कोर्टनी मॅककूल नंतर जॉर्जियाला गेल्या, टेरिन हम्फ्री अलाबामाला. कुपेट्सने तर तिथे तीनदा राष्ट्रीय सर्वसाधारण विजेतेपद, म्हणजे चारही साधनांच्या एकूण गुणांवरचं, जिंकलं. मोहिनी एकटीच कॉलेजकडून ऑलिम्पिककडे निघालेली. उताराच्या रस्त्याने चढणारी.

मध्ये ती थांबली होती. परत सुरुवात करायची ठरवलं तेव्हा प्रश्न सरावाचा नव्हता, पैशाचा होता. शिष्यवृत्तीची वर्षं संपलेली, पालकांच्या खर्चाने शिकायचं वय गेलेलं, आणि प्रायोजकांना पंचविशीतल्या जिम्नॅस्टमध्ये काय दिसणार? छोटीमोठी कामं करून ती सराव करत होती. प्रशिक्षक होते यूसीएलएतलेच ख्रिस वॉलर, १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये खेळलेले. पैशासाठी तिने सोडतीची तिकिटं विकली. ‘बेवॉच’मुळे आपल्यालाही ठाऊक असलेली अभिनेत्री पामेला अँडरसन हिच्या कानावर ही गोष्ट गेली आणि तिने वीस हजार डॉलर दिले. जगातला सगळ्यात श्रीमंत क्रीडादेश, आणि ऑलिम्पिकच्या वर्षात त्याची खेळाडू सोडतीच्या तिकिटांवर! गणपतीची वर्गणी जमवणारी आमच्या चाळीतली पोरं तरी मंडळाच्या नावाने पावती फाडायची. हिच्यामागे मंडळही नव्हतं.

अथेन्सच्या संघाची ती कर्णधार होती.

सांघिक अंतिम फेरीचा नियम तेव्हा निर्दय होता, आजही आहे. प्रत्येक साधनावर तिघी उतरतात आणि तिघींचेही गुण धरले जातात. एकही चूक पोटात घातली जात नाही. बीमची पाळी आली तेव्हा कोर्टनी कुपेट्सच्या पायाने दगा दिला. मोहिनीचं नाव बीमच्या यादीत नव्हतं. तिला ऐनवेळी सांगण्यात आलं.

मला बीमवरची भीती माहीत आहे, म्हणून सांगते. बाकीच्या साधनांवर वेग तुम्हाला सावरतो. व्हॉल्टला, म्हणजे धावत येऊन टेबलावरून उडी घ्यायची तिथे, धावत सुटल्यावर विचार करायला सवडच नसते. बीमवर मात्र सगळं संथ. बीमवर मन थंड असावं लागतं आणि अंग गरम, आणि तिच्या बाबतीत नेमकं उलट होतं, कारण आयत्या वेळी आलेल्या खेळाडूचं अंग तापलेलं नसतं. सोळा वर्षांची मी तिथे असते तर रडले असते. ती चढली, कसरत केली आणि न पडता उतरली. फार देखणी झाली असं नाही. मला ती कसरत आठवते ती एखाद्या मोठ्या बहिणीने लग्नघरात अचानक आलेलं काम पदर खोचून उरकावं तशी. रुमानिया ११४.२८३, अमेरिका ११३.५८४, रशिया ११३.२३५. रौप्य आणि कांस्य यांच्यात अर्ध्या गुणाहून कमी फरक. एक पडझड झाली असती तर हिशेब काय झाला असता ते दिसतंच आहे.

पुढे ती फ्लोअरच्या, म्हणजे संगीतावर जमिनीवर करायच्या कसरतीच्या, वैयक्तिक अंतिम फेरीतही खेळली. तिथे पदक मिळालं नाही.

मोहिनीच्या अथेन्सनंतर चौदा-पंधरा वर्षांनी त्याच यूसीएलएतून एक व्हिडिओ जगभर फिरला. तुम्हीही पाहिला असेल. मला तर तो सोसायटीच्या ग्रुपवर, पाककृती आणि सुप्रभातच्या गुलाबांच्या मधोमध आला होता. केटलिन ओहाशी, जानेवारी २०१९, अनाहाइममधला सामना, फ्लोअरवर दहापैकी दहा. ती नाचते, हसते, आणि पूर्ण स्प्लिटमध्ये जमिनीवर आदळून तशीच उसळून वर येते. मागे संघातल्या मुली तिच्या प्रत्येक हालचालीसोबत नाचताहेत. ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे दाखवले. कुणाला माहीत नव्हतं, आणि का असावं, की हीच मुलगी मार्च २०१३ मध्ये अमेरिकन कप जिंकली होती, आणि तेव्हा तिच्या मागे दुसरी आलेली मुलगी होती सिमोन बाइल्स. तीच ओहाशीची वरिष्ठ गटातली पहिली आणि शेवटची मोठी स्पर्धा. खांद्याची शस्त्रक्रिया, पाठीचं दुखणं, आणि वजनावरून ऐकावे लागलेले बोल, जे तिने नंतर स्वतःच जाहीरपणे सांगितले. कॉलेजात आली तेव्हा तिने मिस व्हॅलला सांगितलं होतं की मला पुन्हा महान व्हायचं नाही.

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला रागच आला होता. एवढी देणगी आणि हे बोलणं! मग मला आमच्या गटातली एक मुलगी आठवली, आमच्यात सर्वांत चांगली, जी राज्य स्पर्धेच्या आदल्या दिवशी उलट्या करायची. आम्हाला वाटायचं पित्त.

ओहाशीकडून महान होण्याचा हट्ट कुणी धरला नाही म्हणून ती तशी नाचू शकली, असं मला वाटतं. पण याचा अर्थ कॉलेज म्हणजे स्वर्ग, असा कुणी घेऊ नये. अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाचा डॉक्टर लॅरी नासर याने शेकडो मुलींचं लैंगिक शोषण केलं, ते राष्ट्रीय संघाच्या शिबिरांत आणि मिशिगन स्टेट या विद्यापीठातही. यूसीएलएतच २०२२ साली वर्णद्वेषी बोलण्यावरून संघ दुभंगला. आणि पैशाची अट तर कैक वर्षं छळत राहिली. व्यावसायिक करार केला की कॉलेजचा दरवाजा बंद. सिमोन बाइल्सने २०१५ मध्ये करार स्वीकारले आणि यूसीएलएतली आपली जागा सोडली. जॉर्डिन वीबर लंडनचं सांघिक सुवर्ण जिंकून यूसीएलएत शिकायला आली, पण खेळता येईना म्हणून संघाची व्यवस्थापक झाली, मग प्रशिक्षक. जुलै २०२१ मध्ये नियम बदलला. त्याच वर्षी टोकियोत सर्वसाधारण सुवर्ण जिंकलेली सुनी ली ऑबर्न विद्यापीठात जाऊन खेळू लागली, जाहिरातीही करू लागली.

एप्रिल २०१८ चा सेंट लुईसमधला अंतिम सामना मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. यूसीएलए शेवटच्या साधनावर, म्हणजे बीमवर, आणि शेवटची खेळाडू कॅनडाची पेंग-पेंग ली. लंडन ऑलिम्पिकच्या तोंडावर गुडघ्याचा लिगामेंट फाटून तिचं ऑलिम्पिक हुकलं, कॉलेजात येऊन पुन्हा फाटला. विजेतेपदासाठी जवळजवळ निर्दोष कसरत हवी होती. तिने दहापैकी दहा केले. यूसीएलए १९८.०७५, ओक्लाहोमा १९८.०३७५. तिचं वय तेव्हा चोवीस.

पॅरिसला २०२४ मध्ये अमेरिकेचा जो संघ सांघिक सुवर्ण जिंकला त्यात बाइल्स सत्तावीस वर्षांची, जेड केरी चोवीस, जॉर्डन चाइल्स तेवीस, सुनी ली एकवीस, आणि एकटी हेझली रिवेरा सोळाची. केरी, चाइल्स आणि ली तिघीही कॉलेजात खेळून आलेल्या. मोहिनीने एकटीने चढलेला रस्ता आता रहदारीचा झाला आहे. त्या फेरीचं थेट प्रक्षेपण बघताना समालोचक तिचं नाव घेतील म्हणून मी कान देऊन होते. नाही घेतलं.

आणि आपल्याकडे? दीपा कर्माकर २०१६ मध्ये रिओत व्हॉल्टच्या अंतिम फेरीत चौथी आली, तेव्हा तेवीस वर्षांची होती. १५.०६६ गुण, कांस्यपदक ०.१५ ने हुकलं. मे २०२४ मध्ये ताश्कंदला तिने व्हॉल्टचं आशियाई सुवर्ण जिंकलं, तिसाव्या वर्षी, आणि त्याच ऑक्टोबरमध्ये निवृत्ती घेतली. अगरतळ्याच्या या मुलीने पंधरा-सोळाचा नियम आमच्या सरांच्या तोंडावर मोडला. पण ती एकटी होती, तिचे प्रशिक्षक बिश्वेश्वर नंदी होते, आणि तिची जिद्द होती. दहावीनंतर खेळ सोडणाऱ्या बाकीच्या मुलींना जायला जागा नव्हती, अजूनही फारशी नाही. मल्लखांबाच्या दोरीवर अधांतरी आसनं करणाऱ्या मुली मी पुण्या-मुंबईत बघते. त्यांच्यातल्या कितीतरींचं शरीर पंचविशीत आणखी चांगलं चालेल, ताकद वाढेल, भीती कमी होईल. त्यांना विद्यापीठात सरावाची वेळ, फिजिओ, प्रवासखर्च आणि चार प्रेक्षक मिळाले तर त्या काय करतील हे आपल्याला कधी कळलंच नाही, कारण आपण त्यांना सवलतीचे गुण देऊन अकरावीत पोचवतो आणि उपकार केल्यासारखे मोकळे होतो.

माझी भाची न्यू जर्सीत जिम्नॅस्टिक्स करते, लेव्हल नऊला आहे. लेव्हल दहा आणि त्यावर एलिट, म्हणजे आंतरराष्ट्रीय पातळीचा गट, अशी तिकडची उतरंड. तिच्या वडिलांनी हिशेबाची वही घातली आहे. जिमची फी, लिओटार्ड, दर शनिवार-रविवारचा प्रवास, हॉटेल. त्यांचा सगळा जीव शिष्यवृत्तीवर. कॉलेजचे प्रशिक्षक दहावीनंतरच्या १५ जूनपासून मुलींशी बोलू शकतात, तो दिवस त्यांनी आताच कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करून ठेवलाय. बहीण फोनवर सारखं म्हणते, एलिटला पाठवायचं का ग, तू सांग, तुला त्यातलं कळतं. मी म्हटलं, तिलाच विचार. पोरगी मागून ओरडली, “मावशी, मला एलिट नाही करायचं. मला त्या मुलींसारखं शनिवारी रात्री सगळ्यांसमोर नाचायचंय.”

मेहुणे म्हणाले, आधी बारवर चढायचा तो किप हातांवर उभं राहण्यापर्यंत सरळ ने, मग नाच.